डावी बाजू आधी

शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून टेमघर गावात त्या दिवशी माणसांचे आवाज ऐकू येतात. एरवी आजूबाजूच्या कारखान्यांचा खडखडाट भिंतींतूनच घरात शिरतो, आणि जन्मापासून कानावर पडत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. थांबला की मात्र कळतं. त्या शुक्रवारी दुपारी रुचिका आतल्या खोलीत वाचत पडली होती, आई स्वयंपाकघरात सुके बोंबील साफ करत होती, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. टक, टक.

रुचिकाची उजवी मूठ आपोआप मिटली.

चव्वेचाळीस वर्षांची बाई. कल्याणच्या अध्यापक विद्यालयात, उद्या प्राथमिक शाळांत फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना शिक्षणाचा इतिहास शिकवते. आणि लाकडी फूटपट्टी टेबलावर दोनदा वाजली की हिची मूठ मिटते. तिला स्वतःचंच हसू यायचं. हसू यायचं, तरी मूठ मिटायची.

बाहेर तिचे बाबा, केसरीनाथ तरे, पूर्वीला शिकवत होते. पूर्वी ही शेजारच्या चंद्राबाईंची नात, आठवीतली, महिन्याभरात चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणार होती. बाबा शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण टेमघरातलं पोर एलिमेंटरीला बसायचं म्हणजे ते तरे सरांच्या टेबलावरून जायचं, हे ठरलेलं.

"कागद उभा," बाबा म्हणाले. "मध्यरेषा. हात थांबला की रेघ मेली. आधी कुठली बाजू?"

"डावी, सर."

"का?"

"उजवी आधी काढली तर डावी काढताना ती हाताखाली झाकते, सर."

"हं."

हे प्रश्न आणि ही उत्तरं रुचिकाला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या प्रबंधासाठी मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयात बसली होती. विषय होता, इंग्रजी अमलात इलाख्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये शिकवलेली चित्रकला. तिथे शिक्षकांसाठी छापलेली एक शंभराहून जास्त वर्षांची पुस्तिका तिच्या हाती आली. पिवळ्या, कडेने कुरतडलेल्या पानावर अगदी हेच लिहिलेलं. मध्यरेषा आधी, मग डावी बाजू, कारण विद्यार्थ्याचा हात उजवी बाजू झाकतो. रुचिका त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली होती. लहानपणापासून ज्याला ती बाबांचं समजून भ्याली, ते बाबांचं नव्हतंच.

सरकारला तेव्हा चित्रकार नको होते. हात हवे होते. मोजणी खात्यात नकाशे उतरवणारे, कारखान्यांतून आराखडे गिरवणारे, सांगितलं तेवढंच करणारे. म्हणून गावोगावच्या पोरांना पाटीवर चौकटी आखून द्यायच्या, आणि फळ्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवायला लावायचं. पोरं उतरवत फुलदाणी. टेमघरात आजही कुणी घरात भांड्यात फुलं ठेवत नाही, तेव्हा तर प्रश्नच नव्हता. बाबांना शिकवलेले दामू गुरुजी सांगायचे, त्यांनी लहानपणी विचारलं होतं, मास्तर, हे कसलं भांडं? तर मास्तर म्हणाले, साहेबाच्या घरातलं हाय, गप काढ.

दामू गुरुजींची आणखी एक गोष्ट बाबा दरवर्षी वर्गात सांगत. शाळा तपासायला डिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, आला. तो वर्गांमधून चालत जायचा आणि पोरांची कामं बघायचा, आणि त्याच्या शेऱ्यावर शाळेला मिळणारी सरकारी मदत ठरायची. म्हणून मास्तरांनी पोरांना शिकवून ठेवलं होतं. टेबलावर पट्टी दोनदा वाजली की पाट्या वर. दोन्ही हातांनी डोक्यावर धरायच्या, आणि डिपोटी पुढे जाईपर्यंत हलवायच्या नाहीत. त्या दिवशी डिपोटी दारातच कुणाशी बोलत उभा राहिला. पाट्या वरच. दामूच्या पुढच्या पोराची चड्डी ओली झाली, तरी त्याची पाटी काही खाली आली नाही.

इथे वर्ग हसायचा. बाबाही हसायचे. आणि मग स्वतः पट्टी दोनदा वाजवून म्हणायचे, "कागद वर!" साहेब गेला, डिपोटीचा दरारा गेला, पाट्या जाऊन कागद आले. हात मात्र वरच राहिले.

ही गोष्ट रुचिकाने प्रबंधात घेतली होती, नावं बदलून. लिहिताना तिच्या लक्षात आलं होतं की गोष्टीत सगळ्यांत जास्त भ्यालेला माणूस कुणी पोर नव्हतं. मास्तर होता. ते प्रकरण तिने बाबांना कधी दाखवलं नाही.

ती स्वतः पाचवीत असताना बाबा तिच्या वर्गाला चित्रकला शिकवत. शाळेत त्यांना सर म्हणायचं, ही घरातून निघतानाची ताकीद. एकदा फळ्यावर त्यांनी फुलदाणी काढली आणि पोट एका अंगाला किंचित फुगलं. रुचिका उभी राहिली आणि अगदी आनंदाने म्हणाली, "सर, तुमची फुलदाणी वाकडी आहे." तिला वाटलं होतं, बारकाईने बघितलं म्हणून ते खूश होतील. वर्ग खो खो हसला. बाबांनी वळूनही बघितलं नाही. टक, टक. "तरे, कागद वर." तास संपेपर्यंत तिचे हात वर होते. बाकीचे चित्र काढत राहिले. घंटा झाली तेव्हा तिला हात खाली घेता येईनात, तेव्हा शेजारच्या मुलीने ते धरून खाली आणले. घरी बाबांनी तिला स्वतःच्या ताटातला मासा वाढला. ती पुन्हा कधी त्यांच्या रेघेबद्दल बोलली नाही.

त्या शुक्रवारी बाहेर फार वेळ शांतता होती. एरवी बाबा रेघ काढताना तोंडाने बारीक सू सू करायचे, तेही थांबलं होतं. रुचिका पेला घेऊन पाणी प्यायला उठली आणि बाहेरच्या खोलीच्या दारात थबकली.

बाबांच्या पुढ्यातल्या कागदावर मध्यरेषा होती. तिच्या उजवीकडे फुलदाणी होती. मान, खांदा, पोट, बैठक, सगळी एका दमात काढलेली, कुठे हात थांबलेला नाही. डावीकडे काहीच नव्हतं. कोरा कागद.

"झालं," बाबा म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवून कागद तिच्याकडे फिरवला. "बघ आणि उतरव."

पूर्वीने कागदाकडे बघितलं. मग सरांकडे. मग मान न हलवता, नुसते डोळे वळवून तिने दारातल्या रुचिकाकडे बघितलं. रुचिकाने ती नजर ओळखली. पाटी डोक्यावर धरलेलं पोर तसंच बघतं.

"बघतेस काय? हात चालव."

पूर्वीने पेन्सिल उचलली. इतके दिवस डावी बाजू आधी घोकलेल्या त्या पोरीने मध्यरेषा आखली आणि समोर होतं तसं उतरवलं. उजवी बाजू. मग थांबली.

टक, टक. "कागद वर."

अर्धी फुलदाणी डोक्यावर गेली.

"उत्तम," बाबा म्हणाले. ते कुणालाही उत्तम म्हणत नसत. "एका दमात. असं पाहिजे."

वाक्य रुचिकाच्या जिभेवर आलं होतं. पाच शब्दांचं. तिच्या खांद्यांतून एक जुनी कळ उठली आणि कोपरांपर्यंत उतरली. तिने पाण्याचा पेला घट्ट धरला. कदाचित ही नवी रीत असेल, आज उजवी, उद्या डावी. कदाचित पूर्वीला तेच अवघड जात असेल. तिने स्वतःला दोनतीन कारणं दिली आणि स्वयंपाकघरात गेली.

आई, कमळाबाई, बोंबलांची डोकी मोडत बसली होती. "तुझ्या बाबाचं काय बिनसलंय गं?" ती म्हणाली. "दुपारी भाकर तशीच ताटात. डाव्या अंगाचं कायच खाल्लं न्हाय. वर मलाच विचारतो, भाकर कुठं ठेवलीस. म्हटलं, तुझ्या नाकाखाली हाय."

"मग?"

"मग काय, वरडला. मी ताट फिरवून दिलं, तवा जेवला."

"थकले असतील, आई."

"थकतोय कसला! पोरीवर वरडायला बरा दम हाय."

संध्याकाळी बाबा पायरीवर बसायला निघाले आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा थडकला. जोरात थडकला. त्यांनी चौकटीकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच तिथे कुणी आणून ठेवली होती.

"बाबा," रुचिका म्हणाली. "बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

आवाज तोच होता. फळ्यापुढचा.

"काही नाही," रुचिका म्हणाली.

सकाळी ते न्हाणीघरात पडले. लूम सुरू झाले होते, त्यामुळे पडल्याचा आवाज कुणाला आलाच नाही. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. रविवारी दुपारी ते गेले.

डॉक्टर वयाने लहान होता आणि सावकाश बोलणारा. तो म्हणाला, मेंदूचा उजवा भाग. असं झालं की डावीकडचं जग माणसापुरतं संपतं. डोळ्यांना दिसतं, पण मेंदूला ते असल्याचं कळतच नाही. ताटातलं अर्धं राहतं. घड्याळ काढायला सांगितलं तर अर्धंच काढतात. पेशंटला वाटतं, पूर्ण काढलंय.

"आदल्या दिवशी काही लक्षात आलं होतं का?"

"भाकर खाल्ली न्हवती," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

डॉक्टरने रुचिकाकडे बघितलं. रुचिका त्याच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिली. "लवकर आणलं असतं तरी नक्की काही सांगता आलं नसतं," तो म्हणाला. हे वाक्य तो सगळ्यांनाच म्हणत असावा.

त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. बाबांचे विद्यार्थी यायचे, कुणी कारखान्याचा मालक, कुणी पालिकेत. पट्टी टेबलावर होती तशीच पडली होती. कुणी ती हलवली नाही. आई टेबल पुसायची ती पट्टीच्या कडेकडेने. रुचिका बाहेरच्या खोलीतून जाताना भिंतीला लागून जायची. आपण काय करतो आहोत हे तिला कळत होतं, तरी टेबलाच्या जवळून जायला पाय धजत नव्हते.

बाराव्याला बाबांचा जुना विद्यार्थी हरेश आला. काल्हेरच्या गोदामांत सुपरवायझर, भरदार, हसरा गडी. जेवणं झाल्यावर अंगणात बसून तो म्हणाला, "काकू, सरांनी मला इतका कागद वर धरायला लावला, की आता गोदामात खोकी उचलताना हात दुखतच न्हाय बघ!"

सगळे हसले. "माझ्यावर तर तीन पट्ट्या मोडल्या," दुसरा म्हणाला, त्याला त्याचा अभिमान होता. "भूमितीला."

"तुझी भूमिती होतीच तशी, भूपेश," हरेश म्हणाला. "सरांनी तुला मारलं न्हाय, गणपतीला नारळ फोडला असं समज."

पुन्हा हसले. रुचिका चहाचे कप गोळा करत होती. तिने बघितलं, हसताना हरेशचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आत घेऊन मूठ मिटलेली.

त्याच संध्याकाळी चंद्राबाई पूर्वीला हाताला धरून घेऊन आल्या. पोरगी वाळली होती.

"बघ बाय हिचं काय झालंय ते," चंद्राबाई म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंनी बोलवलं व्हतं. म्हणतात, पोरगी अर्धीच चित्रं काढते. कशी पास व्हायची? मी वरडले, बापाने समजावलं, आयकत न्हाय. मला तर भ्याव वाटतंय. सरांचा जीव तर न्हाय ना अडकला हिच्यात?"

"काहीतरीच काय, चंद्राबाई."

"मग बघ तू."

चित्रकलेच्या वहीची पानं रुचिकाने उलटली. तांब्या, कंदील, कुंडी, फुलदाणी, परत फुलदाणी. प्रत्येक पानावर मध्यरेषा, आणि उजवीकडे अर्ध्या वस्तू, स्वच्छ, एका दमात काढलेल्या. डावीकडे कोरं. एका पानावर शाळेतल्या बाईंनी लाल पेनने लिहिलं होतं, पूर्ण कर. पूर्वीने त्या शेऱ्याखालीसुद्धा काही काढलं नव्हतं. ज्या पानाकडे बघून ती दारात उभी राहिली होती, तेच पान आता पुन्हा पुन्हा उलटत होतं.

"मी बोलते तिच्याशी," ती म्हणाली. चंद्राबाई आईकडे आत गेल्या. पूर्वी बाहेरच्या खोलीत आली आणि सवयीने आपल्या जागी बसली, टेबलाच्या अलीकडे. पलीकडची खुर्ची रिकामी होती. रुचिका शेजारच्या स्टुलावर बसली. पट्टी हाताच्या अंतरावर होती.

"पूर्वी, परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे ना?"

"हं."

"अर्धी चित्रं दिलीस तर नापास होशील."

"सरांनी उत्तम दिलं होतं," पूर्वी म्हणाली. "त्याच्यानंतर कुणी शिकवलं न्हाय."

"त्याआधी तर त्यांनीच शिकवलं होतं, डावी आधी."

"शेवटचं हे शिकवलं. पुरी केली तर रागावतील."

"सर आता नाहीत, बाळा."

"म्हणून तर," पूर्वी म्हणाली. "आता सॉरी कुणाला म्हणायचं?"

रुचिकाने तिला सगळं सांगितलं. मेंदूचे दोन भाग, डावीकडचं जग, ताटातली भाकर, डॉक्टर काय म्हणाला ते. ती चांगली शिक्षिका होती, सोपं करून सांगायची. पूर्वी हात बांधून, मान हलवत ऐकत होती, जसं कुठलीही मुलगी वर्गात ऐकते.

"म्हणजे सर चुकले न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "ते आजारी होते."

"हो. पण—"

"तुम्ही तिथं होतात ना, आत्या? दारात." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्ही कायच बोलला न्हाईत. म्हणून मला वाटलं, बरोबर असेल."

आतून चंद्राबाईंचा आवाज येत होता, आईचा येत नव्हता. लूम चालू होते, तरी रुचिकाला खोली शुक्रवारसारखी वाटली. मुलगी तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत तक्रार नव्हती. नुसतं वाट बघणं होतं, आणि त्याचं रुचिकाला जास्त भय वाटलं. उद्या ही पोरगी मोठी होईल. कुठेतरी कुणाच्या चुकीपुढे उभी राहील आणि हातातला पेला घट्ट धरील. कुणीतरी एकाने आत्ता, या टेबलापुढे बोलायला हवं होतं. या घरात ते करू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं.

"पेन्सिल घे," ती म्हणाली. "मध्यरेषा आख."

पूर्वीने आखली. तिची पेन्सिल उजवीकडे सरकली आणि कागदाला टेकायच्या आत थांबली. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

रुचिका उठली. टेबलाच्या बाजूला, बाकाजवळ उभं राहावं तशी उभी राहिली, खुर्चीकडे तोंड करून. खांद्यांतली कळ कोपरांपर्यंत आली. तिने हात वर जाऊ दिले नाहीत, दोन्ही बाजूंना सरळ सोडले. पट्टी तिथेच होती. ती वाजली नाही. वाजण्याची वाट बघत रुचिका काही क्षण तशीच थांबली, आणि मग आतल्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सर, तुमची फुलदाणी अर्धी आहे." आवाज पाचवीतल्या मुलीचा निघाला. तिने घसा साफ केला. "बाबा, डावी बाजू राहिली. मला शुक्रवारीच दिसलं होतं. मला तुमची भीती वाटते, बाबा. लहानपणापासून वाटते."